मतांची चाळणी : पोलंड आणि हंगेरी



एकपक्षीय राजवट कोसळली की लोकशाही आली, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मतपेटीतील कौल संसदेत कोणत्या मापाने उतरावा, हा कठीण प्रश्न तेथूनच सुरू होतो. मध्य युरोपातील दोन देशांनी त्याची भिन्न उत्तरे दिली.

पोलंडमध्ये जून १९८९ मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी केवळ १६१ जागा मुक्त स्पर्धेसाठी होत्या. त्या सर्व ‘सॉलिडॅरिटी’ चळवळीने जिंकल्या. मात्र समान प्रतिस्पर्धी हटताच चळवळ दुभंगली. १९९१ च्या पहिल्या पूर्णतः मुक्त निवडणुकीत मतदारसंघांतील जागांसाठी किमान मतांची अट नव्हती. परिणामी २९ गट सभागृहात आले आणि सर्वांत मोठ्या पक्षालाही सुमारे १२ टक्केच मते मिळाली. मंत्रिमंडळे टिकेनात. म्हणून १९९३ मध्ये पक्षांसाठी ५ टक्के व आघाड्यांसाठी ८ टक्के मतांची अट आली. विखुरलेले उजवे गट एकत्र आले नाहीत. सुमारे एकतृतीयांश मते वाया गेली आणि पूर्वाश्रमीच्या कम्युनिस्टांची आघाडी व शेतकरी पक्ष यांना मिळून ३६ टक्के मतांवर ३०३ जागा मिळाल्या.

हंगेरीने प्रारंभीच सावधगिरी बाळगली. १९८९ च्या कायद्यात एकसदस्य मतदारसंघ, पक्षयाद्या आणि ४ टक्क्यांची अट यांचा मेळ होता. १९९० मध्ये सहा पक्षांनी ही अट पार केली. १९९४ मध्येही तेच सहा. स्थैर्य लाभले, पण तेही फुकट नव्हते. १९९४ मध्ये समाजवादी पक्षाला ३३ टक्के मतांवर ३८६ पैकी २०९ जागा मिळाल्या. २०१० मध्ये फिदेस आघाडीने ५३ टक्के मतांवर दोनतृतीयांशाहून अधिक, म्हणजे २६३ जागा घेतल्या आणि त्या बळावर २०११ मध्ये नवे संविधान संमत केले.

तात्पर्य, चाळणीची भोके फार मोठी ठेवली तर शासन उभे राहत नाही. फार बारीक केली तर नागरिक बाहेर राहतात. निवडणूक कायदा ही केवळ तज्ज्ञांची बाब नव्हे. ज्यांचे मत गळून पडले, तेही त्याच देशाचे नागरिक असतात; त्यांचा आवाज संसदेबाहेरही ऐकला जाणे, ही विजेत्यांची पहिली जबाबदारी होय.