धातूंतील भेग

भुसावळसारख्या जंक्शनांत गाडी थांबली कीं हातोडीनें चाकें वाजवीत जाणारा कामगार जुन्या प्रवाशांनीं पाहिलेला असेल. खणखणीत आवाज म्हणजे चाक धड. बद्द आवाज म्हणजे आंत भेग. मडकें पारखण्याचीच ही रीत!

८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला आणि पन्नासांहून अधिक उतारू मृत्यु पावले. आंस एकाएकीं मोडत नाहीं, त्यांतील भेग फेऱ्याफेऱ्यानें वाढत असते, हें त्यानंतर हळूहळू उमगलें. जर्मनींत वोलर यांनीं आंसांवर पुनःपुन्हां भार घालून तें पडताळून पाहिलें. त्या काळच्या घडीव लोखंडांत कीटाचे तंतु असत, म्हणजे तोहि एक मिश्र पदार्थच. १९२१ त ग्रिफिथ यांनीं हिशेब मांडला: भेग वाढतांना मोकळी होणारी शक्ति नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास पुरली, तरच भेग पुढें सरकते.

आज अॅल्युमिनियमांत सिलिकॉन कार्बाइडचे कण मुद्दाम मिसळतात. धातु ताठ होतो, भंगुरहि होतो. खानदेशची काळी जमीन उन्हाळ्यांत तडकते, तेव्हां चुनखडीच्या खड्याशीं भेग बहुधा वळसा घेते. धातूंत मात्र कण घट्ट चिकटलेला असेल तर तो स्वतःच फुटूं शकतो, सैल असेल तर कडेनें सुटतो. हें कानास कळणारें नव्हे. म्हणून संगणकांत धातूचे सूक्ष्म तुकडे कल्पून प्रत्येकावरील ताण काढतात. प्रथम भेगेला सामान्यतः तुकड्यांच्या कडेनेंच जावें लागे. १९९९ त बेलिट्श्को आणि ब्लॅक यांनीं तिला तुकड्याच्या पोटांतून वाट दिली. पण कण धातूस किती बळानें चिकटला आहे, हा आंकडा प्रयोगशाळेनेंच पुरवावा लागतो. तो चुकला तर पडद्यावर कण शाबूत राहतो आणि हातांतल्या नमुन्यांत फुटलेला दिसतो.