गांजा, अपस्मार आणि मात्रेचा प्रश्न

अपस्मारावरील उपचारांत गांजाच्या वापराचा इतिहास सामान्यतः प्राचीन परंपरा आणि अर्वाचीन कायदेबंदी या दोन टोकांत बसवला जातो. वैद्यकीय नोंदी पाहता ही मांडणी अपुरी ठरते. बंदी येण्यापूर्वीच हे औषध मागे पडू लागले होते, आणि त्यामागे मात्रेच्या अनिश्चिततेचा मोठा वाटा होता.

पाश्चात्त्य वैद्यकात या वनस्पतीचा पद्धतशीर प्रवेश कलकत्त्याहून झाला. तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये आपला निबंध मांडला. माहिती जमवताना त्यांनी मधुसूदन गुप्त यांच्यासारखे पंडित आणि फारसी जाणणारे हकीम यांचे साह्य घेतले, त्यानंतर प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले. आकडी येणाऱ्या सुमारे 40 दिवसांच्या एका अर्भकाची नोंद त्यांत आहे. प्रचलित उपाय थकल्यावर गांजाचा मद्यार्क थेंबाथेंबाने दिला गेला. आरंभी एका थेंबानेही परिणाम दिसला. झटके परतल्यावर मात्र मात्रा दिवसाला 130 थेंबांपर्यंत न्यावी लागली. मूल बरे झाले. या एका नोंदीवर पुढे बराच मोठा डोलारा उभारला गेला. परंतु एक थेंब आणि 130 थेंब यांतील अंतराकडे फारसे कोणी पाहिले नाही.

लंडनमध्ये पीटर स्क्वायर यांनी अर्क तयार केला, तरी मालागणिक त्याची तीव्रता बदलत असे. तीस वर्षांच्या अनुभवानंतर जे. रसेल रेनॉल्ड्स यांनी 1890 मध्ये दिलेला निर्वाळा सावध होता : मेंदूच्या इजेतून उद्भवणाऱ्या झटक्यांत हे औषध उपयुक्त, खऱ्या जुनाट अपस्मारात निरुपयोगी. दरम्यान 1857 पासून ब्रोमाइड आणि 1912 पासून फेनोबार्बिटल उपलब्ध झाले. ही औषधे निर्दोष नव्हती, पण मोजून देता येत होती. अमेरिकेचा गांजावरील करकायदा 1937 चा आहे, हे येथे लक्षात घेणे इष्ट.

मोजमापाचा मार्ग रसायनशास्त्राने खुला केला. 1963 मध्ये राफाएल मेशुलाम आणि सहकाऱ्यांनी कॅनॅबिडिऑल या नशा न आणणाऱ्या घटकाची रचना निश्चित केली. 1980 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांसह प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 15 रुग्ण होते. औषध मिळालेल्या 8 पैकी 4 जण जवळजवळ झटकेमुक्त राहिले. एवढ्या लहान संख्येवरून निष्कर्ष काढणे कठीणच. 2017 मध्ये ड्रॅव्हे विकाराच्या 120 रुग्णांवरील चाचणीत मासिक आकड्यांचे मध्यमान औषधगटात 12.4 वरून 5.9 वर आले, तर तुलनागटात 14.9 वरून 14.1 वर. 2018 मध्ये अमेरिकेत एपिडिओलेक्सला ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन विकारांसाठी मान्यता मिळाली.

तरीही चाचणीतील अनेक रुग्ण क्लोबाझॅमही घेत होते, आणि कॅनॅबिडिऑलमुळे क्लोबाझॅमच्या क्रियाशील चयापचयजाचे रक्तातील प्रमाण वाढते. त्यामुळे गुण नेमका कोणत्या औषधाचा आणि किती, हा वाद मान्यतेनंतरही चालू राहिला.