जपलेलं आणि सापडलेलं

मंडळी, कागद जपून ठेवणं वेगळं आणि तो हवा तेव्हा सापडणं वेगळं. हल्ली कचेऱ्यांची दप्तरं संगणकाच्या डेटाबेसमध्ये जातात. 'आता चिंता मिटली' असं कुणी म्हटलं की मला इंग्लंडमधली एक हकीकत सांगावीशी वाटते.

इ.स. १०८६ मध्ये विल्यम राजाने देशातल्या जमीनजुमल्याची नोंद करवून घेतली. ते 'डूम्सडे बुक'. चामड्यावर, लॅटिनमध्ये लिहिलेलं. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते आजही आहे आणि लॅटिन जाणणारा ते वाचू शकतो.

त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवं डूम्सडे काढलं. देशाचे ४ किलोमीटर बाय ३ किलोमीटरचे चौकोन पाडून ते शाळांना वाटून दिले. मुलांनी आपापल्या परिसराबद्दल लिहिलं, फोटो काढले. दहा लाखांहून जास्त लोकांचा हातभार लागला. सगळं दोन लेसर डिस्कवर साठवलं. पण त्या वाचायला खास यंत्र आणि ठरावीक संगणक लागे. तो संच इतका महाग की अनेक शाळांना परवडलाच नाही. ज्या मुलांनी लिहिलं, त्यांनाच आपलं लिखाण बघायला मिळालं नाही! माझ्यातल्या मास्तराला हे फार लागतं.

पंधरा वर्षांत ती यंत्रं दुर्मीळ झाली. डिस्क शाबूत, पण उघडणार कोण? मजकूर, नकाशे, फोटो आणि शोधसूची यांना बांधणारा धागा जुन्या प्रोग्रॅममध्ये होता. तो नसेल तर उरतो नुसता ढीग. अखेर लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांनी नव्या संगणकाला जुन्याचं सोंग घ्यायला लावलं आणि २००२ साली डूम्सडे पुन्हा बोलू लागलं. २०११ मध्ये मुलांचं लिखाण इंटरनेटवर आलं. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झालं. त्याची प्रत मात्र राष्ट्रीय अभिलेखागाराने जपली आहे.

आपल्या पुण्याच्या पेशवे दप्तराचं तरी काय? रुमालात बांधलेले कागद टिकले, पण मोडी वाचणारे कमी झाले. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते ३४ मध्ये निवडक कागदांचे ४५ खंड छापले, म्हणून तेवढे तरी आपल्याला वाचता येतात.

तेव्हा घरची कागदपत्रं संगणकात घालणाऱ्यांनो, कशात काय आहे आणि ते कसं शोधायचं, हेही साध्या भाषेत लिहून ठेवा. कुलूप वारशाने द्यायचं तर किल्लीही द्यायला हवी.