धनाच्या अर्जाची कुळकथा

मराठेशाहीत गाव इनाम दिलं की सनदेत ठरलेली अक्षरं यायची: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड हे सगळं डोळ्यांना दिसणारं. निधि-निक्षेप मात्र जमिनीच्या पोटातलं, कुणी कधी पुरून किंवा ठेवून गेलेलं धन. ते कुणी पाहिलेलं नाही, असेलच याची खात्री नाही, तरी त्याचा मालक कागदावर ठरून गेलेला. सरकारी जागेत गुप्तधन शोधायला परवानगी मिळावी, असा अर्ज आज कुणी धुळ्याच्या किंवा जळगावच्या कलेक्टर कचेरीत दिला, तर त्याची मुळं या सनदेपर्यंत जातात. राज्य ते इनामात देऊ शकत होतं, म्हणजे ते आधी राज्याचं. भुईतल्या धनावर पहिला हक्क राज्याचा, ही समजूत इंग्रजांनी आणलेली नाही.

धर्मशास्त्रात ती आणखी जुनी आहे. सापडलेला निधी राजाला कळवायचा, विद्वान ब्राह्मणाने सगळा ठेवायचा, इतरांना सहावा हिस्सा आणि बाकीचा राजाचा, असं याज्ञवल्क्य सांगतो. लपवून ठेवला तर दंड. मिताक्षरेने यावर भाष्य केलं आणि महाराष्ट्रात तीच प्रमाण मानली गेली. यात ‘शोधू का?’ असं विचारायची सोय कुठेच नाही. सापडलं की सांगायचं, एवढंच.

खानदेशात पुरलेल्या धनाच्या गोष्टी जास्त का, याला कारण आहे. १८०२च्या सुमारास होळकरी फौजांच्या धामधुमीत हा मुलूख उद्ध्वस्त झाला, पाठोपाठ दुष्काळ आला. नंतर पेंढारी आणि लुटारू टोळ्या. गावंच्या गावं ओस पडली. पळणारा माणूस डोक्यावर किती नेणार? चूलखंडाखाली, भिंतीत, गोठ्यात पुरायचं आणि परत येऊ या आशेवर निघायचं. परत न आलेल्यांचं धन तसंच राहिलं. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणं केलं, तेव्हा त्याच्या हाती अशा ओसाड पांढऱ्यांचा जिल्हा आला. पुढे भर पडतच गेली. १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक आणि भिल्लांनी कंपनीचा सात लाखांचा खजिना लुटला. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडवून साडेपाच लाखांच्या घरातली रक्कम नेली. हे दोन्ही खजिने देशाच्या कामासाठी नेलेले. पण लुटीच्या वाटेवर हंड्याच्या गोष्टी उगवतातच.

गोष्टींबरोबर शोधायच्या रीतीही आल्या. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की भुईतलं दिसतं. जागेवर नाग असला तर खाली नक्की काहीतरी आहे. धनाला राखण असते आणि राखणीला काहीतरी द्यावं लागतं. यातली शेवटची समजूत महाराष्ट्रात लेकरांच्या जिवावर उठली आहे. म्हणूनच २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठीच्या अघोरी कृत्यांना नाव घेऊन जागा मिळाली. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी अर्धं आयुष्य घालवलं आणि तो पाहायला ते राहिले नाहीत, हे विसरता येत नाही.

कागदाचा खरा जन्म १८७८चा. त्या वर्षीचा सहावा कायदा हा हिंदुस्थानचा निखात निधीचा कायदा. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली, काहीएक किंमत असलेली कुठलीही वस्तू, अशी त्याची व्याख्या. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं: काय आणि किती, कुठे, कोणत्या तारखेला. माल सरकारी तिजोरीत भरायचा, नाहीतर जामीन द्यायचा. मग कलेक्टर जाहीरनामा काढणार. दावेदारांना हजर व्हायची तारीख चार महिन्यांनंतरची आणि सहा महिन्यांच्या आतली. त्यानंतर चौकशी: कुणाला सापडलं, कोणत्या परिस्थितीत, आणि शक्य तितकं, कुणी पुरलं होतं. शंभर वर्षांच्या आत पुरलेलं दिसलं आणि वारस पुढे आला, तर त्याला दिवाणी दाव्याला वेळ द्यायची. कुणीच धनी नसला तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक हिस्सा जागामालकाचा. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद.

मिताक्षरेचा सहावा हिस्सा आणि इथले चारांतले तीन, हा मोठा पालट आहे. माणसाला लपवायचं कारणच उरू नये, हा त्यामागचा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. शिवाय सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घेता येते. जळगावच्या सराफ्यात सोनं घासून, वजन करून भाव सांगतात. त्याच सोन्यावर कुणा राजाचा छाप असेल, तर त्या छापाची भरपाई कायद्याने धातूच्या एकपंचमांश धरली. थोडीच, पण मूस गाठण्याआधी नाणं कचेरीत यावं एवढी.

आलीही. १९०६ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यातल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. गौतमीपुत्राने नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केला हे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगत होता. इथे जिंकणाऱ्याचा शिक्का हरलेल्याच्या चेहऱ्यावर बसलेला दिसला. साठा आधी आटवणीत गेला असता, तर उरली असती नुसती चांदी.

आता मूळ अर्ज. १८७८च्या कायद्यात ‘शोधण्याची परवानगी’ असं कलमच नाही. तो चुकून सापडलेल्याचा कायदा आहे: नांगराच्या फाळाला हंडा लागला, धाब्यावर टाकायला पांढरीची माती खणताना मडकं फुटलं, अशांसाठी. मुद्दाम खणायचं तर जागा कुणाची, यावर सगळं फिरतं. गायरान असेल तर महसूल, सातपुड्याच्या राखीव रानात वनखातं, संरक्षित गडावर किंवा टेकाडावर पुरातत्त्व. म्हणून असा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरतो. कर्मचाऱ्याला दोष द्यायचं कारण नाही. ज्या कलमाखाली ‘मंजूर’ लिहायचं, ते कलम त्याच्याकडे नाही.

खणायची परवानगी मिळते ती १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने, आणि ती उत्खननाची. पुरातत्त्वाच्या कारणासाठी संरक्षित क्षेत्राबाहेर खणायचं तर राज्य सरकारलाही केंद्राची पूर्वसंमती लागते. म्हणजे आज भुईत फावडं घालायची मुभा धन मागणाऱ्याला नाही, काय-कुठे-कोणत्या थरात हे नोंदवणाऱ्याला आहे. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी तापीकाठी प्रकाशे असंच थरांनी खणलं, तर पुढच्याच काही वर्षांत म. न. देशपांड्यांनी गिरणेकाठी बहाळ.

ही वाट एकदा उलटी वापरली गेली. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेड्यात एका साधूला राजाचं हजार टन सोनं स्वप्नात दिसलं आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे खणायला घेतलं. महिन्याभरात काम थांबलं, सोनं निघालं नाही. ज्या खात्याचं काम नोंद ठेवायचं, त्याला देशभरच्या कॅमेऱ्यांपुढे हंडा शोधायला लावलं, याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडच्या गडांवर रात्री पाडलेले खड्डे याच हावेचे. तिथले थर विस्कटले की पुन्हा लावता येत नाहीत.

थर जपले तर काय हाती लागतं, यासाठी चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे पाहा. पाटणादेवी आणि भास्कराचार्यांमुळे ते सगळ्यांना माहीत. तिथे १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी खणलं. निघाली दगडाची बारीक पाती, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, आणि कवचाचा एक तुकडा, त्यावर आडव्यातिडव्या रेघांची कोरीव जाळी. सगळं कोणत्या थरातून आलं याची नोंद होती, म्हणून त्या कवचांचा काळ काढता आला: सुमारे २५ हजार वर्षं.