गिरणीमालकाचा मुलगा

फ्रेडरिक एंगल्स म्हटले की दाढीवाला एक म्हातारा व त्याच्या शेजारी दुसरा दाढीवाला म्हातारा, असे चित्र आपल्यापुढे उभे राहते. युनियनच्या कचेरीतल्या भिंतीवर ही जोडी इतकी वर्षे टांगलेली असते की, हे लोक कधी काळी तरुण होते हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मला आज बोलावयाचे आहे ते अठरा ते चोवीस वर्षांच्या एंगल्सविषयी.

त्याचा जन्म १८२० साली प्रशियातील बार्मेन या गावी झाला. वडील कापूसधंद्यातले गिरणीमालक. घर कडक धार्मिक. १८३७ साली शिक्षण पुरे होण्याआधीच वडिलांनी त्याला शाळेतून काढून धंद्यात घातले. पदवी त्याला कधीच मिळाली नाही. आम्हां बिनशिक्क्याच्या माणसांना तो जवळचा वाटतो, त्याचे हेही एक कारण असेल!

१८३९ साली हांबुर्गच्या एका पत्रात त्याने आपल्याच खोऱ्याविषयी निनावी लेख लिहिले. बसक्या खोल्यांतला धूर आणि धूळ, सहाव्या वर्षापासून कामाला जुंपलेली पोरे, हे सारे त्यांत होते. कामगाराने दारूत पैसे उडवू नयेत, अशी सबब सांगून त्याची मजुरी कापणारे भाविक मालकही होते. सबब मोठी नामी आहे. मी ती वेगवेगळ्या शब्दांत पुष्कळदा ऐकली आहे.

परंतु हा नुसता संताप होता. हिशेब सुरू झाला तो मँचेस्टरला. १८४२ च्या अखेरीस वडिलांची भागीदारी असलेल्या पेढीत तो काम शिकण्यासाठी तेथे गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मजुरीकपातीविरुद्ध लँकेशायरचे कामगार उठले होते आणि त्यांनी बॉयलरांची बुचे काढून गिरण्या बंद पाडल्या होत्या. दिवसा हा तरुण पेढीच्या वह्या पाही आणि कामावरून सुटला की कामगारवस्तीच्या गल्ल्या धुंडाळी. मेरी बर्न्स या आयरिश कामकरी तरुणीची ओळख इथलीच. पुढे ती त्याची जन्माची सोबतीण झाली. जेम्स लीच हा चार्टिस्ट पुढारी स्वतः गिरणीत राबलेला होता. त्याच्याकडून एंगल्सला दंडाच्या आणि कापलेल्या मजुरीच्या हकीकती कळल्या.

त्याचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. उपनगरातल्या बंगल्यांतून बाजाराकडे जाणारे हमरस्ते दोन्ही बाजूंनी दुकानांनी भरलेले असत. त्यामुळे शेठजी रोज ये-जा करीत, पण मागची घाण त्यांच्या नजरेस पडतच नसे. आपल्या लालबागला उड्डाणपूल आहे. त्यावरून मोटारीने जाणाऱ्याला खालच्या चाळीचे दार कितीसे दिसते?

वस्ती डोळ्यांनी पाहून त्याचे समाधान झाले नाही, म्हणून तो सरकारी अहवालांकडे वळला. १८४२ च्या चॅडविकच्या अहवालात लिव्हरपूलचे आकडे होते. मृत्यूचे सरासरी वय वरच्या वर्गात ३५, व्यापारी व बऱ्या स्थितीतल्या कारागिरांत २२ आणि मजुरांत १५. मजूर पंधराव्या वर्षीच मरत, असा याचा अर्थ नव्हे. लहान मुलांच्या मृत्यूंनी सरासरी खाली ओढली जाई. मँचेस्टरात कामगारांची शेकडा ५७ हून अधिक मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावत. वरच्या वर्गात हेच प्रमाण शेकडा २० होते. मिळकतीतला फरक पैशांत मोजण्याची आपल्याला सवय आहे. या तरुणाने तो आयुष्याच्या वर्षांत मोजला, आणि आपल्या घरात येणारा पैसा कोठून येतो हे त्याला त्यातून कळले.

हल्ली कंत्राटावरची मुले मला विचारतात, “काका, यंत्र तेच, काम तेच, मग शेजारच्या कायम माणसाला जास्त का?” प्रश्न रास्तच आहे. पण त्या दोघांच्याही पगाराच्या वर कंपनीच्या ताळेबंदाचा कागद असतो, तो मागावयास त्यांना अजून कोणी शिकविलेले नाही.

१८४४ मध्ये घरी परतून, बापाच्याच छपराखाली बसून, त्याने पुस्तक लिहिले. ते १८४५ साली लाइपझिगला निघाले. आरंभीचे निवेदन ब्रिटिश कामगारांना उद्देशून इंग्रजीत, बाकीचे सारे जर्मनमध्ये! इंग्रजी भाषांतर निघाले १८८७ साली, तेही न्यूयॉर्कला. ज्यांची ती कहाणी, त्यांच्यापैकी बहुतेक तोवर मातीआड गेले होते.

१८५० साली तो पुन्हा त्याच पेढीत गेला. तिथल्या कमाईवर त्याने मार्क्सचे कुटुंब पोसले. याला कोणी ढोंग म्हणतात. मी म्हणत नाही. मात्र तो पैसाही कामगारांच्याच श्रमाचा होता, हेही विसरत नाही. १८६९ च्या उन्हाळ्यात पेढीतला शेवटचा दिवस संपवून, हातातली काठी फिरवीत, गाणे म्हणत तो घरी आला. ते पाहावयास मार्क्सची चौदा वर्षांची मुलगी एलिनॉर घरात होती. वीस वर्षांनी, १८८९ साली, लंडनच्या गॅस कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी युनियन उभारली. तिचा चिटणीस विल थॉर्न याला नीट लिहिता-वाचता येत नव्हते. त्याला शिकवावयास बसली ती हीच एलिनॉर.