तांबड्या वाइनचा प्रादेशिक गंध

एकाच वाणाच्या द्राक्षांपासून व जवळजवळ एकाच पद्धतीने तयार केलेल्या तांबड्या वाइनमध्ये पिकाच्या प्रदेशानुसार जे गंधभेद आढळतात, त्यांना प्रादेशिक गंध असे म्हणतात. प्रदेशाच्या या प्रभावासाठी फ्रेंच भाषेत ‘तेर्वार’ ही संज्ञा रूढ असून तीत जमीन, उतार, हवामान व स्थानिक लागवडीची परंपरा या सर्वांचा समावेश होतो. हे भेद चवीने ओळखण्याची परंपरा अनेक शतकांची आहे. त्यांवर वाइनचे भाव, नावांचे कायदे आणि असंख्य द्राक्ष उत्पादकांची उपजीविका अवलंबून राहिली. त्यांचा रासायनिक उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. या उलगड्याने जुने निरीक्षण पुष्कळ अंशी खरे ठरविले. पण त्याचे जे कारण दिले जात असे, ते बदलावे लागले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात सीतो येथे १०९८ मध्ये सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. या मठाच्या क्लो द व्हूझो या सुमारे ५० हेक्टरांच्या तटबंद द्राक्षमळ्यामुळे जमिनीचा विशिष्ट तुकडा आणि त्याची वाइन यांचे नाते लोकमानसात दृढ झाले. मठवासी मातीची चव घेऊन जमिनीची पारख करीत, ही आख्यायिकाच होय. परंतु गंध मातीतूनच द्राक्षात उतरतो, ही समजूत तीतून स्पष्ट होते. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने भरघोस पीक देणाऱ्या गामे या वाणाच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. पीनो न्वार या वाणाची व पर्यायाने प्रांताची प्रतिष्ठा राखणे, हा त्यामागील हेतू होता. बर्गंडीतील अशा १,२४७ नामांकित भूखंडांचा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला.

बॉर्दो प्रदेशातील प्रतवारीचा पाया निराळा होता. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तेथील दलालांनी प्रामुख्याने मेदॉक भागातील तांबड्या वाइनची पाच श्रेणींत विभागणी केली. तिचा आधार मातीचे परीक्षण हा नसून बाजारात दीर्घकाळ मिळत आलेला भाव हा होता.

नावाचे संरक्षण : १८६० नंतरच्या दशकांत फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या कीटकाने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन खुंटांवर यूरोपीय वाणांची कलमे बांधून लागवड वाचविण्यात आली. दरम्यानच्या टंचाईत मनुका, साखर व पाणी यांपासून केलेली नकली वाइन आणि खोटी प्रदेशनामे यांचा सुळसुळाट झाला. पुढे उत्पादन वाढून भाव कोसळले, तेव्हा दक्षिण फ्रान्समधील उत्पादकांनी १९०७ मध्ये प्रचंड आंदोलन केले. नार्बॉन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. १९०५ चा भेसळविरोधी कायदा, १९१९ चा उत्पत्तिनामविषयक कायदा आणि झोझेफ काप्यू यांच्या पुढाकाराने १९३५ मध्ये निघालेला नियंत्रित उत्पत्तिनामाचा वटहुकूम यांतून आजची व्यवस्था घडली. तीनुसार सीमा, वाण, हेक्टरी उत्पादन व किमान मद्यार्क ठरवून देण्यात आले. गंध मात्र मोजता येत नव्हता. तो या अटींतून आपोआप येईल, असे गृहीत धरण्यात आले.

गंधाचे रसायन : १९५२ मध्ये ए. टी. जेम्स व ए. जे. पी. मार्टिन यांनी विकसित केलेल्या वायुवर्णलेखन पद्धतीमुळे वाइनमधील बाष्पनशील संयुगे वेगळी करणे शक्य झाले. अशी आठशेहून अधिक संयुगे आढळली आहेत. त्यांतील बरीच, विशेषतः एस्टरे व उच्च अल्कोहॉले, किण्वनाच्या वेळी यीस्टकडून तयार होतात व ती सर्व प्रदेशांच्या वाइनमध्ये असतात. काही ओक लाकडाच्या पिंपांतून येतात. प्रदेशाची खूण बहुधा द्राक्षातून येणाऱ्या अत्यल्प संयुगांत असते. त्यांपैकी काहींचे मापन नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात करावे लागते.

गंधयुक्त संयुगे वेलीची मुळे मातीतून शोषून द्राक्षात पोहोचवितात, या समजुतीला आधार मिळालेला नाही. मुळे पाणी व खनिज आयन शोषतात. गंधद्रव्ये व त्यांची पूर्वद्रव्ये वेल स्वतःच निर्माण करते. बॉर्दो येथील झेरार सगँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या अभ्यासातून, उत्तम मळ्यांचे वैशिष्ट्य एखाद्या खनिजात नसून वेलीला बेताने व नियमित पाणी पुरविणाऱ्या जमिनीच्या रचनेत आहे, असे दिसून आले. जमीन गंध देत नाही. ती वेलीची वाढ व फळाचा पक्वताकाल यांचे नियमन करते.

ढोबळ्या मिरचीचा गंध : काबेर्ने सोव्हीन्याँ या वाणात आयसोब्युटिल मेथॉक्सिपायराझीन हे संयुग असते. ढोबळ्या मिरचीचा विशिष्ट गंध याच संयुगामुळे असल्याचे १९६९ मध्ये कळले व १९७५ मध्ये ते द्राक्षात सापडले. तांबड्या वाइनमध्ये लिटरला सुमारे १५ नॅनोग्रॅम एवढ्या प्रमाणातही ते जाणवते. मण्यात पाणी उतरण्यापूर्वी ते साठते आणि पुढे पक्वतेबरोबर घटत जाते. घडांवर पडणारे ऊन हे घटीस साहाय्यक ठरते. थंड हवा व जमिनीतील भरपूर पाण्यामुळे वाढलेली दाट पालवी मात्र ते टिकवून धरते. मेदॉकच्या गोटेमिश्रित जमिनीतून पाण्याचा निचरा चटकन होतो व ती लवकर तापते. म्हणून उशिरा पिकणारे काबेर्ने तेथे पूर्ण पक्व होऊ शकते. सँतेमिल्याँ व पॉमरॉल येथील थंड चिकणमातीत लवकर पिकणाऱ्या मेर्लोला प्राधान्य मिळाले. रसायन कळण्याच्या कितीतरी आधी झालेली ही वाटणी रसायनाशी सुसंगत आहे.

मिऱ्याचा गंध : सीरा (ऑस्ट्रेलियात शिराझ) या वाणाच्या वाइनला काही प्रदेशांत काळ्या मिऱ्याचा स्पष्ट गंध येतो. ॲडिलेड येथील ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तो रोटंडोन या संयुगाचा असल्याचे दाखवून दिले. प्रत्यक्ष मिऱ्याच्या गंधातही याच संयुगाचा मोठा वाटा आहे. तांबड्या वाइनमध्ये त्याचे सीमामूल्य लिटरला १६ नॅनोग्रॅम इतके अल्प आहे. तथापि चाचणीतील सुमारे एक-पंचमांश व्यक्तींना ते बऱ्याच अधिक प्रमाणातही ओळखता आले नाही. त्याचे नाव सायपेरस रोटंडस म्हणजे नागरमोथा या वनस्पतीवरून पडले आहे. नागरमोथ्याच्या तेलातील या संयुगाविषयीचे संशोधन सुख देव व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले होते. सुख देव त्या काळी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्यरत होते. शीत प्रदेशांत व थंड वर्षांत रोटंडोनचे प्रमाण वाढते. एकाच मळ्यातही उतार व सावली यांनुसार ते बदलते.

निलगिरीचा गंध : ऑस्ट्रेलियातील काही वाइनच्या निलगिरीसारख्या गंधाचे कारण जमिनीत शोधण्यात येत असे. प्रत्यक्षात लगतच्या निलगिरी वृक्षांचे सिनिओल हे बाष्पनशील द्रव्य द्राक्षांवर बसते आणि त्यांची पाने काढणीच्या वेळी घडांबरोबर पिंपात जातात, असे आढळले. वृक्षांपासून सुमारे ५० मी. अंतराच्या आतील ओळींत हा परिणाम सर्वाधिक असतो. तांबड्या वाइनचे किण्वन सालींसह होत असल्यामुळे तो तीत विशेष उतरतो. येथे ‘प्रदेश’ म्हणजे शब्दशः शेजार होय.

प्रदेशाची एकत्रित खूण : वरील उदाहरणांत एकेक संयुग ठळक असले, तरी बहुतेक वाइनची ओळख अनेक संयुगांच्या परस्पर प्रमाणात असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बॉर्दोच्या सात मळ्यांतील बारा वर्षांच्या ८० तांबड्या वाइनची वायुवर्णलेखने संगणकाला पुरविण्यात आली. त्यांवरून मळा अचूक ओळखता आला. वर्ष मात्र जेमतेम निम्म्या वेळा बरोबर निघाले. ही ओळख कोणत्याही एका रेणूवर अवलंबून नव्हती. तथापि मळ्याच्या खुणेत जमीन व हवा यांबरोबरच वाणांचे मिश्रण, किण्वनाची रीत व पिंपे यांचाही वाटा असतो. म्हणून हा निष्कर्ष एकट्या मातीचा पुरावा ठरत नाही.

भारत : महाराष्ट्रातील नासिक परिसरात वेल हिवाळी सुप्तावस्थेत जात नाही. वर्षातून दोन छाटण्या करून पावसाळ्यानंतरच्या बहराची द्राक्षे साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात काढतात. यूरोपात द्राक्षे उन्हाळ्याकडून शरदाकडे, उतरत्या तापमानात पिकतात. नासिकला ती हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे, चढत्या तापमानात पिकतात. ‘नासिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी तिच्या गंधाची पारख यूरोपीय नमुन्यांशी साम्य शोधून होणार नाही.

हवामानबदल : बर्गंडीतील बोन येथील द्राक्षकाढणीच्या १३५४ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत. १९८८ ते २०१८ या काळात काढणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस आधी होऊ लागली. तापमानवाढीमुळे काबेर्नेमधील मिरचीचा व सीरामधील मिऱ्याचा गंध मंदावण्याची आणि अतिपक्व फळे, मनुका, सुके अंजीर यांची छटा वाढण्याची शक्यता असते. बॉर्दो व बॉर्दो स्युपेरिअर या उत्पत्तिनामांखाली २०२१ मध्ये तूरीगा नासियोनाल, मार्सलान, आरिनार्नोआ व कास्तेत्स या चार तांबड्या वाणांना मर्यादित परवानगी देण्यात आली. त्यांची लागवड मळ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत व मिश्रणातील प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच ठेवावे लागते.

१९३५ च्या व्यवस्थेत सीमा व वाण निश्चित केले की गंध टिकेल, हे गृहीतक होते. सीमा नकाशावर स्थिर राहिली, तरी तीमधील हवा स्थिर राहिलेली नाही. ओळखीचा गंध राखण्यासाठी वाण बदलावेत, की वाण राखून बदलता गंध स्वीकारावा, हा प्रश्न त्यामुळे उत्पादकांपुढे उभा आहे. जुन्या बर्गंडीतही वाण व लागवड यांविषयीचे निर्णय माणसांनीच घेतले होते; प्रदेशाच्या नावात त्यांचाही अंश आहे.