नागऱ्याचा रस्ता: गोंदिया ते बाघ नदी

आजचा भाग अगदी छोट्या रस्त्याचा आहे. गोंदिया शहरातून उत्तरेला बालाघाटच्या दिशेनं निघालात की पाचेक किलोमीटरवर नागरा लागतं. पुढे रावणवाडी, मग बाघ नदी, आणि नदीपलीकडे राजेगाव. राजेगाव मध्य प्रदेशात. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला हा रस्ता बाईकवर अर्ध्या तासात संपतो. एवढ्याशा रस्त्याचा काय इतिहास असणार, असं मलाही वाटलं होतं.

आधी नागऱ्याबद्दल. इथे दगडी जुनं शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला गोंदियाहून निम्मं शहर इकडे लोटतं म्हणा ना. लोक मंदिराला हेमाडपंती म्हणतात. चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून केलेलं बांधकाम दिसलं की आपण सरसकट हेमाडपंतांचं नाव घेतो. हेमाडपंत तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे मंत्री होते, पण या पद्धतीची बरीच मंदिरं त्यांच्याही आधीची आहेत. ते काही असो, एक गोष्ट लक्षात घ्या. असं दगडी काम उभं राहतं तिथे वस्ती असते, पैसा असतो, येणंजाणं असतं. आज आपण नागऱ्याचा पत्ता ‘गोंदियाजवळ’ असा सांगतो. पण वयानं कोण मोठं म्हणाल, तर नागरा. गोंदिया शहर म्हणून कालचं पोर आहे.

शहर झालं ते रेल्वेमुळे. इंग्रजांच्या काळात नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता होता, ग्रेट ईस्टर्न रोड. तो भंडारा, साकोली, देवरी असा खालून जायचा. आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३ साधारण त्याच वाटेनं जातो. गोंदिया त्या रस्त्यावर नव्हतंच! मग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली आणि तिनं वरची वाट धरली: तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ही मीटर गेजची लाइन घेतली आणि ब्रॉडगेज केली. त्यानंतर धान, लाख, डिंक, तेंदूपत्ता असा सगळा माल बैलगाड्यांनी गोंदिया स्टेशनकडे वळला. गोंदिया हे नाव गोंद म्हणजे डिंक, आणि तो गोळा करून विकणारे गोंड, यांच्यावरून आलं असं सांगतात.

आता नागऱ्याच्या वाटेकडे त्या नजरेनं बघा. वैनगंगेच्या खोऱ्यातला भात स्टेशनपर्यंत आणणारी ती वाट. गाडीवानानं धान उतरवायचं, मीठ-कापड भरायचं, आणि रात्री बैलांच्या भरवशावर झोपत परत जायचं.

पण रस्त्याचे भाव टिकले नाहीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयानक दुष्काळ या प्रांतावर आले. लोकांपर्यंत धान्य पोचवायचं तर रेल्वे आत गेली पाहिजे, हे सरकारला कळलं. १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया ते जबलपूर सातपुड्याची अडीच फुटी नॅरोगेज सुरू झाली, बालाघाट-नैनपूरमार्गे. तुमच्या आजोबांना विचारा, ‘छोटी लाइन’ म्हटलं की चेहरा खुलतो. लांबचा माल गाडीनं जाऊ लागला आणि शेजारचा रस्ता बाजारहाटापुरता उरला.

रस्त्यांकडे देशाचं लक्ष पुन्हा वळवलं ते एका मराठी माणसानं. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. हो, तेच, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. १९२७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. जयकर समितीचं म्हणणं असं, की रस्ते बांधणं एकट्या जिल्हा बोर्डांना आणि प्रांतांना झेपणारं नाही, केंद्रानं पैसा दिला पाहिजे. म्हणून १९२९ पासून पेट्रोलवर जादा कर लावून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पंपावर आपण आज जो रस्ते उपकर भरतो, त्याचा हा पणजोबा.

मग १९४३. महायुद्ध चालू आहे, आणि सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते कुठे जमले? आपल्या नागपुरात. ‘नागपूर प्लॅन’ तिथलाच. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्यमार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते ही उतरंड तिथे ठरली. शेतीच्या सुधारलेल्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नसावं, असंही ठरलं. आज नकाशावर झूम करून बघा, आपल्या किती गावांना ते जमलंय.

तेव्हा नागरा, बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला जिल्ह्यांचे तुकडे जोडून केलेला. दोन्हीकडे पोवार, लोधी, गोंड. दोन्हीकडे पोवारी बोलली जाते, धान तेच, रोटी-बेटी व्यवहार तोच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. कालपर्यंत दोघांचीही राजधानी नागपूर होती. आता एकानं मुंबईला जायचं, दुसऱ्यानं भोपाळला. बाघ नदी आपली वाहत होती तशीच, फक्त राजेगाव परराज्य झालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

ही सीमा रोजच्या जगण्यात फारशी जाणवत नाही. दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी, सगळ्यासाठी पलीकडचे लोक गोंदियाला येतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मात्र राज्याबाहेर जायला पास लागायला लागला, आणि मामाचं गाव परराज्यात आहे हे कित्येक पोरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता सगळ्यात नवी गोष्ट. हा रस्ता आता राज्याच्या यादीतून निघून राष्ट्रीय महामार्ग ५४३ चा भाग झालाय. नंबराचं गणित सोपं आहे: शेवटचे दोन आकडे ४३, म्हणजे महामार्ग ४३ ची ही फांदी. शहडोलहून मंडला, बालाघाट, गोंदिया, आमगाव करत देवरीला ती पोचते आणि पुढे ब्रह्मपुरीकडे जाते. म्हणजे ज्या ग्रेट ईस्टर्न रोडनं गोंदियाला टाळलं होतं, त्याला हा रस्ता देवरीत जाऊन भेटतो. मला हे कळलं तेव्हा भारी वाटलं.

गावाला मात्र यात फायदा-तोटा दोन्ही आहे. रुंदी वाढते, दिल्लीचा पैसा येतो. पण रस्त्याकडेच्या दुकानाला, पेट्रोलपंपाला, शेतात उतरणाऱ्या रस्त्याला महामार्गाचे नियम आणि परवानग्या लागतात. खड्ड्याची तक्रार कुणाकडे करायची, तेही बदलतं. आणि मंदिराकडे सायकलवर निघालेल्या पोराच्या अंगावरून आता ट्रक भरधाव जातात. गतिरोधक मागायला गेलं तर उत्तर येतं, महामार्गावर नाही देता येत. मला विचाराल तर वस्तीतून जाणाऱ्या पट्ट्याचा विचार नंबर देण्याआधी व्हायला हवा.

तुम्ही आता राहता तिथल्या रस्त्याचा दर्जा ओळखायचाय? किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर गावरस्ता. बाईक बाजूला लावून फोटो काढा, चालत्या गाडीवरून नको. आणि आम्हाला पाठवा, दगडावर कुठल्या गावाचं अंतर लिहिलंय ते दिसेल असा.